आत्याचं नाक

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते. नाकांबद्दल मला कुणी शिकवू नये. माझं नाक आत्याचं. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, आणि आत्याच्या मुलाशी लग्न झाल्यावर तर ‘सासूचं नाक आयतंच घेऊन आली’ म्हणून चिडवायचे.

नवऱ्याला या देशात आणायचं म्हणून आपली भाषा बोलणारी वकीलबाई गाठली. तिने सहज विचारलं, ‘लग्नाआधी ओळख होती?’

‘ओळख कसली? सख्ख्या आत्याचा मुलगा आहे माझ्या!’ मी तोऱ्यात सांगून टाकलं. आमच्याकडे याहून मोठी शिफारस नाही. इथल्या कायद्यात असं लग्न लग्नच धरत नाहीत, हे मला काय ठाऊक!

दोन दिवसांनी तिचा फोन आला. माझ्याकडे राहायला आलेली आई ओट्यापाशी भांडी विसळत होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

‘अर्ज फेटाळतील,’ वकीलबाई म्हणाली. ‘रक्ताचं नातं नसतं तर गोष्ट वेगळी होती.’

आईने नळ बंद केला. ‘नाहीये त्यांचं रक्ताचं नातं.’

लेकीचा संसार मार्गी लागावा म्हणून आई थाप मारतेय, असं मला वाटलं. मी फोनवर हात ठेवला. ‘आई, असलं काही बोलू नकोस. अंगाशी येईल.’

‘खोटं तर आजवर बोलले गं. तू माझ्या पोटची नाहीस. दवाखान्यात कुणीतरी सोडून गेलेलं बाळ तू. आम्ही तुला घरी आणलं ते आत्याच्या मांडीवर.’

फोनवरचा हात मी तसाच दाबून धरला.

‘आत्याला माहीत होतं? आणि तरी मला सून करून घेतलं?’

‘म्हणूनच घेतलं. परक्या घरी कुणी तुझं मूळ काढलं असतं तर?’

फोनमध्ये वकीलबाईचं ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं. मी हात काढून तिला सगळं सांगितलं. तिला एवढंच हवं होतं, की दोघांच्या रक्ताची तपासणी करायची. नातं नाही असं निघालं की अर्ज पुढे सरकेल. म्हणजे नवरा हवा असेल तर मी माझ्या बापाची मुलगी नाही, हे मीच सिद्ध करायचं. मला भयंकर राग आला. तरी मी हो म्हणाले, कारण तो मला हवाच होता.

नवऱ्याला फोन केला. त्यालाही यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तो हसून म्हणाला, ‘म्हणजे आपण एकमेकांचे कुणीच नाही? सुटलो बुवा!’ एरवी मीही हसले असते.

आई अजून ओट्यापाशीच उभी होती, हात ओलेच. मी भांडायला म्हणून गेले आणि तोंडातून निघालं भलतंच.

‘आई, मग माझं नाक कुणाचं?’

‘आत्यानेच सुचवलं होतं,’ आई म्हणाली. ‘कुणी विचारायच्या आत आपणच सांगायचं, नाक आत्यावर गेलंय. मग सगळ्यांना तसंच दिसायला लागलं.’