पेरूला बांधलेली पानं

वसुधाताईंच्या नारळाला पांढरी माशी लागली, हे सगळ्यात आधी कळलं ते शेजारच्या शालिग्रामभाऊंच्या धुतलेल्या कपड्यांमुळे. झावळ्या भिंतीपलीकडे झुकलेल्या. पानांच्या पाठीवर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे थर. त्यातून चिकट पाणी गळायचं आणि त्यावर काजळी धरायची.

शालिग्रामभाऊ खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते भिंतीशी आले. "ताई, हे काय करून राहिलं तुमचं झाड? शर्ट चिकट, स्कूटी काळी. फवारणीवाल्याला बोलवा, नाही तर तोडून टाका सरळ!"

जबलपुरात नारळ धरत नाही, असं सगळे सांगत असताना वसुधाताईंनी तो लावला होता, आणि तो धरला होता. तोडायची गोष्टच नव्हती. रायपूरला किडींचा अभ्यास करणाऱ्या भाचीला, क्षमाला त्यांनी फोन केला.

"मावशी, औषध मारू नकोस. मी पानं पाठवते."

बसने पुडकं आलं. नारळाच्या पात्यांवर पांढऱ्या माशीची काळी पडलेली पिल्लं होती. क्षमानं समजावलं, की त्या प्रत्येकात एक गांधीलमाशी वाढतेय. टाचणीच्या टोकाएवढी, माणसाला न चावणारी. ती बाहेर पडली की दुसऱ्या पिल्लांमध्ये अंडी घालते, आणि तिची अळी त्यांना आतून खाते.

वसुधाताईंनी स्टुलावर चढून ती पाती खालच्या झावळ्यांना दोऱ्यानं बांधली.

"किडा घालवायला किडा आणला? काहून?" शालिग्रामभाऊ म्हणाले.

"थोडा धीर धरा, भाऊ. तोवर कपडे माझ्या मागच्या गच्चीवर वाळत घाला."

त्याच आठवड्यात वसुधाताई बड्या फुहाऱ्याच्या बाजारात पडद्याचं कापड आणायला गेल्या आणि परतल्या तर अंगणात औषधाचा उग्र वास. बांधलेली पाती ओली निथळत होती.

"मला न विचारता?"

"पानं माझ्या बाजूला होती," भाऊ दुसरीकडे बघत म्हणाले.

क्षमाही हिरमुसली. "गांधीलमाश्या मेल्या असतील बहुतेक."

वसुधाताईंनी भिंतीकडे बघणंच सोडलं. पांढरी माशी मात्र परत आली, आणि या वेळी भाऊंच्या पेरूवरही बसली.

पुढे नारळ उतरवायला माणूस आला. त्यानं शेंड्याजवळची एक हिरवी झावळी खाली टाकली. वसुधाताईंनी भिंग लावून पाहिलं. काळी पिल्लं, आणि बहुतेकांना एकेक गोल भोक. फवाऱ्याचा पाइप तिथवर पोचलाच नव्हता.

"मावशी, बाहेर पडल्यात!" फोटो बघून क्षमा ओरडली. "जिवंत आहेत!"

पलीकडे पेरूची पानं पांढरी दिसत होती. राहू दे तसाच, असं वसुधाताईंच्या मनात आलं. राग गेला नव्हता. तरी, ज्यांवर अजून भोक न पडलेली काळी पिल्लं होती तेवढी पाती कापून त्या भाऊंच्या फाटकाशी गेल्या.

"पेरूला बांधा. पण औषध मारायचं नाही."

भाऊंनी पाती दोन्ही हातांनी घेतली. "तेव्हा मी घाई केली, ताई."

"केलीत," त्या म्हणाल्या. "दोरा आहे का घरात?"

हिवाळ्यापर्यंत पांढरं बरंच विरळ झालं. पुरतं गेलं नाही, पण कपडे स्वच्छ राहू लागले. भाऊ अधूनमधून भिंग मागून नेतात. गांधीलमाशी त्यांना अजून एकदाही दिसलेली नाही. पानांवरची भोकं तेवढी दिसतात, आणि ती ते वसुधाताईंना हाक मारून दाखवतात.