उन्हात धरलेला रोल

मित्रांनो, आचोळ्याच्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात मी बसून असतो. मी एक जुना डबा कॅमेरा आहे. माझं काळं कातडं सोललंय, पट्टा कधीच तुटलाय. घरातली निधी मैत्रिणींना सांगते, "हा आमच्या पणजोबांचा डबा." त्या हसतात. मला राग येत नाही. डबाच आहे मी. पुढे भिंग, बाजूला खटका आणि पोटात रोल.

परदेशातल्या कारखान्यात मी जन्मलो, पण मला आठवतं ते वसईजवळचं चांदीप गाव. तिथल्या शत्रुघ्ननं भाताची सुगी संपल्यावर मुंबईला जाऊन मला आणलं. तोवर फोटो म्हणजे वसईला स्टुडिओत जायचं आणि रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून बसायचं. माझ्यामुळे फोटो अंगणात आला. शत्रुघ्न मला पोटाशी धरून खाली बघत खटका दाबायचा. गाव म्हणायचं, "शत्रुघ्नच्या पोटाला डोळा फुटलाय."

हळद लागलेल्या नवऱ्या, नवी बैलजोडी, बारशाची बाळं, सगळं मी टिपलं. माणसांना नीट उभं करायचं काम त्याच्या बायकोचं, कमळीचं. कुणाचा पदर सावर, कुणाचं नाक पूस. फोटोत मात्र ती कधीच नसायची.

एका रोलमध्ये आठच फोटो निघायचे आणि रोल भरल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, ही घरची रीत. शेवटचे फोटो कुठल्यातरी शुभ दिवसासाठी राखून ठेवायचे. शत्रुघ्न म्हणायचा, या वेळी तुझा काढतो. ती म्हणायची, "माजा कशाला? पोरासाठी ठेवा."

पण एकदा खळ्यावर त्यानं ऐकलं नाही. केसांत भुसा, हातात सूप, तशीच तिला उभी केली. "हालू नको," तो म्हणाला. खटका वाजला. उरलेले दोन फोटो पोराच्या, हरेशच्या, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी ठेवायचे ठरलं. त्याआधीच कमळी तापानं गेली.

शत्रुघ्ननं पुन्हा खटका दाबला नाही आणि रोलही धुवायला दिला नाही. लोकांनी समजावलं. तो एवढंच म्हणाला, "हात हालून तिचा चेहरा पुसट आला असंल तर?" मला पेटीत ठेवून त्यानं पेटी माळ्यावर टाकली. म्हातारपणी जाताना मात्र हरेशला म्हणाला, "तुजी आय त्या डब्यात हाय." हरेशनं खूप शोधलं, पण मी काही सापडलो नाही.

यंदा चांदीपचं घर पाडताना माळ्याच्या फळ्यांमागे घसरलेल्या पेटीत सापडलो. हरेश आता स्वतः आजोबा झालाय. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की तिचा चेहराही त्याला आठवत नाही. वडिलांच्या फोटोशेजारी त्यानं आईच्या फोटोसाठी लगेच खिळा ठोकला. त्याची नात निधी म्हणाली, "आजोबा, रोलचं काय करायचं ते आधी कुणाला तरी विचारू या." वसईत एक जुना फोटोवाला होता, त्याच्याकडे रविवारी जायचं ठरलं.

हरेशला रविवारपर्यंत धीर निघाला नाही. लहानपणी वडील धुऊन आलेल्या जुन्या पट्ट्या उन्हात धरून त्याला चेहरे दाखवायचे. तेवढंच त्याला ठाऊक. बाल्कनीत त्यानं माझी पाठ उघडली, अख्खा रोल ओढून काढला आणि उन्हात धरला. न धुतलेल्या रोलवर काय दिसणार? उलटसुलट करून तो बराच वेळ बघत राहिला.

"कोरा आहे गं," तो निधीला म्हणाला. "बाबानं काढलाच नव्हता. जाताना माझी समजूत घातली."

संध्याकाळी निधीनं मोबाइलवर वाचलं, की न धुतलेल्या रोलला उजेड लागला तर त्यावरचं सगळं कायमचं पुसलं जातं. आजोबांकडे बघितलं आणि गप्प झाली. अजून गप्पच आहे. खरं सांगावं, तर कमळी आजोबांच्याच हातून पुसली गेली. न सांगावं, तर पणजोबा खोटे ठरतात.

हरेश येताजाता मला फडक्यानं पुसतो. हसताना त्याचा डावा गाल आधी वर जातो. खळ्यावर तिचाही तसाच गेला होता. पण सांगायला मला तोंड कुठे आहे?

मित्रांनो, घरात माझ्यासारखा कुणी सापडला तर त्याची पाठ उघडू नका. त्याला आधी जाणत्या माणसाकडे न्या. आणि आईचा फोटो आजच काढा, उद्यावर ढकलू नका. तुमच्यापैकी कुणी निधीला ओळखत असेल, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, सांगून टाक. हातून झालेली चूक आजोबा सोसतील. बाप खोटं बोलला, हे त्यांना सोसत नाहीये.