मास्तरांचा ठेवणीतला शब्द

लग्न दोघांनी आपसात ठरवलंच होतं, अडलं होतं ते मोठ्यांच्या होकारावर. म्हणून धाकटी बाबांना घेऊन मुलाच्या घरी चहाला आली. ती काम करायची त्या शिंप्याच्या दुकानात काजं करावीत तर तिनंच. पण आज डावा हात तिनं ओढणीखाली दडवला होता. देवानं माप घालताना हात सैल सोडला होता आणि त्या हाताला सहावं बोट दिलं होतं.

कप घेताना ते दिसलंच. मुलाचे काका, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, खुशीत म्हणाले, "वा, अ‍ॅबनॉर्मिटी."

बाबांनी विचारलं, "म्हणजे काय हो?"

"चारचौघांसारखं नाही ते. अ‍ॅबनॉर्मॅलिटी कुणीही म्हणतं. हा ठेवणीतला शब्द, वापरायची संधीच मिळत नव्हती."

"आणखी काही अर्थ आहे का त्याचा?" धाकटीनं हळूच विचारलं.

मास्तरांचा चेहरा पडला. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "आहे. विद्रूप, अक्राळविक्राळ गोष्ट."

बाबा ताडकन उठले. "चल गं. आमची पोर म्हणजे यांना सर्कस वाटली."

धाकटीनं हात पुन्हा ओढणीखाली घेतला.

"भावजी, जीभ आहे की कात्री?" मुलाची आई म्हणाली.

मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, "काका, नवा शब्द काढला की त्याची तीन वाक्यं केल्याशिवाय तुम्ही मला जेवू देत नव्हता. आता तुमची पाळी. तीही स्वतःवर."

मास्तर घसा खाकरत उभे राहिले. "माझं घोरणं ही अ‍ॅबनॉर्मिटी आहे, शेजारी भिंत बडवतात. दुसरं, निवृत्त होऊनही जगाच्या वह्या तपासत हिंडणं, हीही अ‍ॅबनॉर्मिटीच."

धाकटीला हसू फुटलं.

"तिसरं..." ते अडखळले. "घरी आलेल्या लेकीचं तोंड पाहायच्या आधी बोट पाहणं, ही अ‍ॅबनॉर्मिटी. दुसऱ्या अर्थानं. चुकलो, पोरी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बोलायचं तिनंच होतं. तिनं हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"लग्नात लोक विचारतील, तेव्हा उत्तर तुम्हीच द्यायचं, काका. साध्या भाषेत."

"काय सांगू?"

"सहा बोटं आहेत म्हणावं. मोजून घ्या."

सगळ्यांत आधी मास्तरच हसले. बाबा सावकाश बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "साखर जरा हात राखूनच घातलीय हो."

धाकटीच्या जिवात जीव आला. परक्या घरच्या चहाला बाबा कधी नावं ठेवत नसत.