विहिरीसह घर

पार्बताबाईला राग यायला फार वेळ लागत नसे, हे बडनेऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. भाजीबाजारात तिच्या टोपल्यातलं वांगं कुणी नख लावून बघितलं, तर ती वांगं हातातून काढून घेई आणि गिऱ्हाईकाला पुढची वाट दाखवी. पण त्या वर्षीचा तिचा राग वेगळा होता. तो आला, तो महिनोन्‌महिने गेलाच नाही.

साल एकोणीसशे एकतीस. कापसाचा भाव असा पडला होता, की अमरावतीच्या जिनिंग कारखान्यांमध्ये दिवसा कबुतरं बसत होती. लोकांनी लग्नं थोडक्यात उरकली, दागिने मोडले. वांगी, मेथी, कोथिंबीर मात्र रोज लागतच होती. त्यामुळे पार्बताबाईचं बरं चाललं होतं. बडनेऱ्याच्या शिवारात तिच्या बापानं तिच्या नावे करून दिलेला चार एकरांचा मळा होता. अर्ध्यात भाजी, अर्ध्यात शेवंती आणि मोगरा. भाजी ती स्वतः विकायची. फुलं पहाटेच्या गाडीनं अकोल्याला जायची, तिथे तिच्या धाकट्या दिराचं, सूर्यभानचं, फुलांचं दुकान होतं. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. दुकान दीर-भावजयीच्या भागीत होतं आणि आजवर कधी वाद झाला नव्हता.

चैत्राच्या सुरुवातीला सूर्यभान अकोल्याहून आला तो हसतच.

"वहिनी, घर घेतलं!"

"कोनतं घर?"

"अमरावतीत. बडनेरा रोडवर वामनरावनं नऊ घरं बांधली ना, त्यातलं. कोरं करकरीत. शहाबादी फरशी, मंगलोरी कौलं, मांगं हीर. तेजीत अठराशेच्या खाली बोलत नव्हता, आता पंधराशेत द्यायले तयार झाला. मी दुकानातले दोनशे इसार देऊन आलो."

"मले न इचारता?"

"इचारत बसलो असतो तर दुसऱ्यानं घेतलं असतं. अकोल्यात पाहा ना, नवी घरं कुलपं लावून पडली हायेत. आज घेईन थो उद्या राजा. कापूस चढला की दुप्पट भावानं इकून टाकू. तवरोक तुमी राहा, बाजार बी जवळ पडते."

पार्बताबाई दुसऱ्याच दिवशी आपल्या जुन्या गड्याला, नत्थुजीला, घेऊन घर बघायला गेली. घर खरोखर चांगलं होतं. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. नऊपैकी आठ घरं कुलुपबंद होती, एकातच बिऱ्हाड होतं. रेल्वेतल्या एका कारकुनाचं, चंद्रभानचं. त्याची बायको जमुना ओट्यावर डाळ निवडत बसली होती.

मागच्या बाजूला नऊ घरांत मिळून एक विहीर होती. पाणी चांगलं वर आलेलं.

"पानी कसं हाये वो?" पार्बताबाईनं विचारलं.

जमुनाचा हात डाळीत थांबला. मग ती म्हणाली, "चांगलं हाये. बारमाही हाये."

"गोड?"

"गोड."

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली.

पार्बताबाई विहिरीच्या काठाशी उभी राहिली. मळ्याच्या विहिरीवर जन्म काढलेली बाई ती. पाण्यावर हिरवं शेवाळ तरंगत होतं, आणि त्यात तळ्यात असतात तसल्या बारीक गोगलगाई होत्या. सुरुंग लावून खणलेली दोन वर्षांची विहीर, तिच्यात तळ्यातल्या गोगलगाई कुठून येणार? तिनं भोवती नजर टाकली. कुंपणाच्या एका खिंडारापासून विहिरीपर्यंत बैलगाडीच्या चाकोऱ्या खोल रुतल्या होत्या, आणि भर चैत्रात तिथली माती ओली होती.

"नत्थुजी," ती हळूच म्हणाली, "हे पानी अथचं नाई."

नत्थुजीनं वाकून बघितलं. "गाडीनं आनून टाकलं, बाई. पिपं भरभरून."

ती तशीच वामनरावांच्या घरी गेली. कापसाच्या तेजीत पैसा करून इमारतीच्या धंद्यात उतरलेला तो माणूस. झोपाळ्यावर बसून त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली तरी त्याचा झोपाळा थांबला नाही.

"बाई, इसारपावती वाचून घ्या कुणाकडून तरी," तो म्हणाला. "विहिरीसह घर, असं लिहिलं आहे. विहीर आहे ना तिथे? पाण्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मंग पानी टाकलं कायले?"

"रिकामी विहीर बरी दिसत नाही."

"माये दोनशे रुपये वापस करा."

"मागे फिरलात तर इसार बुडाला. तुमच्या दिराची सही आहे. मंदीत माझंही पोट आहे, बाई."

पोट म्हणताना त्यानं खरंच पोटावर हात ठेवला. पार्बताबाई घरी आली. त्या दिवशी तिनं मेथीच्या जुड्या इतक्या घट्ट बांधल्या की निम्मी मेथी मोडली.

बाजारातच तिला कळलं, की येत्या रविवारी वामनरावांनी गिऱ्हाइकं बोलावली आहेत. अकोल्याचा एक वकील, यवतमाळकडचा एक जमीनदार, आणखी दोघं-तिघं. रविवारी उजाडताच ती नत्थुजीसह त्या विहिरीवर हजर झाली. गाडीत मोट होती, नाडा होता, दोन सागवानी खांब आणि चाक होतं. मागे मळ्यातली बैलजोडी. तासाभरात खांब उभे राहिले, मोट सुटली.

जमुना मागच्या दारात आली. "हे काय करून राहिल्या तुमी?"

"पानी बारमाही हाये ना? मंग उपसून पाहतो."

"नका करू वो. बाई, नका करू."

पार्बताबाईनं तिच्याकडे बघितलंदेखील नाही. नत्थुजीनं बैल हाकले. मोट भरून वर येई, पाणी मोकळ्या जागेत धो धो पडे, ढेकळांतून वाहत रस्त्यापर्यंत जाई. येणारे-जाणारे थांबू लागले. दहाच्या सुमाराला टांगे आले. वामनराव वकिलांना फरशी दाखवत होते, तेवढ्यात त्यांना मागची करकर ऐकू आली.

"कुणी परवानगी दिली?" ते धावतच आले. "बंद करा! कुणी परवानगी दिली हिला?"

"इसार दिला हाये मी," पार्बताबाई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की टांगेवालेही उतरून आले. "दोनशे रुपये दिले हायेत. काय घेऊन राहिली थे पाहाचा मले हक्क हाये. तुमी बी पाहा वकीलसाहेब. जरासा दम धरा."

वकिलानं छत्री मिटली आणि तो खरंच थांबला. वामनराव नत्थुजीच्या हातातला कासरा ओढायला गेले, तेव्हा जमीनदारानं त्यांचा दंड धरला. "राहू द्या हो. पाणी असेल तर येईलच परत."

बारा वाजायच्या आत मोट खालच्या खडकावर आपटली. नत्थुजी दोरानं उतरला. वरून सगळे वाकून बघत होते. त्यानं तळ हातानं चाचपला, सुरुंगाच्या भोकांत बोटं घातली, मग मान वर केली.

"झिरा नाई! कोरडा ठन् खडक हाये!"

अर्धा तास सगळे उभे होते. विहिरीत ओंजळभरही पाणी परतलं नाही. वकील टांग्यात बसला, बाकीचे त्याच्या मागोमाग. वामनरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. पार्बताबाईला वाटलं होतं, की हे बघून आपला राग शांत होईल. तो झाला नाही, कारण वळून बघते तो जमुना तिच्या पुढ्यात उभी.

"झालं समाधान?" जमुना म्हणाली. "आमच्या यायची बदली भुसावळले झाली. पुढच्या महिन्यात जाचं हाये. एक मास्तर आमचं घर घेऊन राहिला होता, परवा इसार देनार होता. आता देईन थो?"

"अन् थ्या मास्तराले तुमी काय सांगलं होतं? बारमाही गोड?"

"हो, सांगलं! आमाले बी असंच सांगलं होतं. अठराशे रुपये घातले आमी, रेल्वेतली सारी पुंजी घातली. दोन वर्सं झाली, मी अर्ध्या कोसावरून डोक्यावर पानी आनून राहिली."

"मंग मले खरं सांगाचं होतं!"

"तुमाले सांगून मले काय भेटलं असतं?"

पार्बताबाईकडे उत्तर होतं, पण तोंडातून शिवीच आली. ती तिनं जमुनाला दिली, आणि मोट गाडीत टाकून निघून गेली. वाटभर ती नत्थुजीलाही बोलत होती, ज्याची काही चूक नव्हती.

आठवड्याभरात वामनरावांनी इसाराचे दोनशे रुपये सूर्यभानला परत केले. गावभर बोभाटा झाला होता, आणि आता उरलेली घरं पाण्यावाचूनची म्हणून, मिळेल त्या भावानं विकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. इसार परत आल्याचं पार्बताबाईला कळलं, पण रुपये काही तिच्या हाती आले नाहीत. तिला वाटलं, दुकानात घातले असतील.

वैशाख लागता लागता सूर्यभान पुन्हा आला. या वेळी त्यानं पेढे आणले होते.

"वहिनी, तुमी तर बाजारच पाडला! मानलं तुमाले."

"मी बाजार पाडाले नाई गेल्ती."

"नसाल गेल्या. पन पडला तं खरा! थ्या रेल्वेच्या बाबूचं घर घेतलं मी. कितीत? सांगा बरं कितीत? सहाशेत! त्यात दोनशे तं इसाराचेच होते. थो भुसावळले जाऊन राहिला, घर काही डोक्यावर नेता येत नाई. काल रजिस्ट्री झाली. आता आपन हीर खोल करू, नाई तं दुसरी खनू. पानी लागलं की..."

"कोनाचं घर घेतलं?"

"थ्याच जमुनाबाईचं."

पेढ्यांचा पुडा पार्बताबाईच्या हातात होता. तिनं तो अंगणात भिरकावला. कोंबड्या धावल्या.

"अठराशेचं घर सहाशेत घेतलं? मी उपसली हीर म्हनून?"

"मंग काय चोरी केली? त्यानं इकलं, मी घेतलं. हाच तं मोका असते, वहिनी. मंदीत माणूस घाबरते, तवाच घ्याचं असते. मी नसतं घेतलं तं दुसऱ्यानं पाचशेत घेतलं असतं."

"दुसऱ्यानं घेतलं असतं तं दुसऱ्याच्या तोंडावर थुकली असती मी. तुमच्या तोंडावर कशी थुकू, भाऊजी? थे मले कावून सांगलं नाई?"

"सांगलं असतं तं तुमी घेऊ देल्लं असतं?"

हे त्यानं अगदी सरळपणानं विचारलं. आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. वामनरावनं जे केलं ते ओळख ना पाळख अशा माणसाशी केलं. हा तर घरातला. आणि त्याच्या डोळ्यांत चूक केल्याची सावलीसुद्धा नव्हती, उलट वहिनी खूश का होत नाही याचं नवल होतं.

"उद्यापासून फुलं येनार नाईत," ती म्हणाली.

"मंजे?"

"मंजे येनार नाईत. माया मळा, माये फुलं. थ्या दुकानात माया जो भाग हाये थो मले काढून द्या. पुढच्या बाजारापर्यंत द्या, नाई तं अकोल्यात येऊन तुमच्या दुकानापुढे बसतो, अन् येनाऱ्या हरेक गिऱ्हाइकाले सांगतो."

तो आधी हसला, मग चिडला. भावाचं नाव काढलं, सोयरेधायरे मध्ये घालायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या गाडीत एकही करंडी चढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लग्नसराई ऐन भरात होती, आणि सूर्यभानचं दुकान रिकामं. पाचव्या दिवशी त्यानं तिचा भाग एका माणसाबरोबर पाठवला. घराचा कागद मात्र त्याच्याच नावावर राहिला. तो त्यानं सोडला नाही.

ते पैसे घेऊन पार्बताबाई त्याच संध्याकाळी निघाली. जमुनाचं बिऱ्हाड आता बडनेऱ्याला स्टेशनाजवळ, चंद्रभानच्या मित्राच्या खोलीत होतं. दोन दिवसांनी निघायचं होतं. सामान बांधलेलं होतं. जमुनानं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आता काय राहिलं? घर तं घेतलं तुमी."

"मी नाई घेतलं."

"तुमच्या घरानं घेतलं. एकानं हीर उपसाची, दुसऱ्यानं घर घ्याचं. चांगला धंदा हाये."

पार्बताबाईच्या तोंडाशी पुन्हा शिवी आली होती. तिनं ती गिळली. कमरेची पिशवी सोडून तिनं जमुनापुढे धरली.

"हे काय?"

"तुमचं जेवढं बुडलं तेवढं नाई हे. माया भागाचं एवढंच निघालं. घर मले वापस नाई आनता आलं."

जमुना पिशवीकडे बघत राहिली. नाही म्हणावं असं तिला वाटत होतं, ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं. मग तिनं पिशवी घेतली आणि पदरात बांधली. मोजली नाही.

"यानं माया राग जाईन, असं समजू नका," ती म्हणाली.

"माया बी गेला नाई," पार्बताबाई म्हणाली. "पानी बारमाही गोड हाये, असं तुमी माया तोंडावर बोलल्या. थे मी इसरनार नाई."

"नका इसरू."

मग जमुनानं दार लावलं, आणि पार्बताबाई स्टेशनाच्या रस्त्यानं मळ्याकडे चालू लागली. पावलं जोरात पडत होती. सकाळी मोगरा कुठे विकायचा, हे अजून ठरायचं होतं. अमरावतीत दुसरं दुकान बघायला हवं होतं.