ठिपकीचं वाक्य

चष्म्याच्या त्या कारखान्यात दुपारी साडेतीनला मशिनं थांबायची आणि इंग्रजी सुरू व्हायचं. परदेशातली कामं यायला लागली तसं मालकांच्या सुनेनं हे खूळ काढलं होतं. सगळे तिला वहिनी म्हणायचे. वहिनी रोज फळ्यावर बोलण्यातलं एक इंग्रजी क्रियापद लिहायच्या, अर्थ सांगायच्या आणि मग प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं. पुस्तकातलं उचललेलं चालणार नाही, अशी ताकीद होती. बाकीचे चहा फुकट मिळतो म्हणून बसायचे, ते सोडा.

ठिपकी मात्र मनापासून बसायची आणि वर्गात तिचाच पहिला नंबर. भिंगांवर ठिपके द्यायचं काम तिचं, म्हणून हे नाव पडलं. चिठ्ठीवरचे नंबर वाचायचे, कपाटातून भिंगांची जोडी काढायची, उजव्या डोळ्याच्या भिंगावर लाल ठिपका द्यायचा आणि ट्रे मशिनवरच्या मास्तरांकडे सरकवायचा. मास्तर ठिपका बघून भिंग घासायचे, फ्रेममध्ये बसवायचे आणि ठिपका स्पिरिटनं पुसून टाकायचे. चिठ्ठी ते पुन्हा वाचत नसत. "आमच्या पोरीनं दिलाय ठिपका, मी काय तपासू?" म्हणायचे. तिला हे काम शिकवलं त्यांनीच, तेव्हा त्यांचा भरवसा असणारच.

महिन्याभरापूर्वी ठिपकीनं डाव्या भिंगावर ठिपका दिला. कारण विचाराल तर अगदीच फुसकं. कानाला फोन, पलीकडे मैत्रीण आणि हसू आवरत नव्हतं. तपासणीवाली नेमकी त्याच दिवशी रजेवर. चष्मा तसाच गेला आणि तो घालून जिना उतरताना एक बाई मनगट मोडून बसल्या. अठरा दिवसांपूर्वी चष्मा परत आला तेव्हा ठिपकीला आपली चूक कळली. जाड भिंगावर ठिपका दिल्याचं तिला लख्ख आठवत होतं आणि चिठ्ठीवर जाड भिंग डावं होतं.

पण ठिपका तर पुसला गेलेला! मालकांनी सरळ मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, डोळे थकले आता तुमचे." मास्तर भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "झालं असेल माझ्याकडूनच." एकतीस वर्षं ज्या मशिनवर बसले तिथून उठून ते चष्म्याच्या डब्या पुसायला बसले. सोमवारपासून मशिनवर कायमचा नवा माणूस येणार होता. आणि आमची ही हुशार पोरगी मूग गिळून गप्प! रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळी मान खाली घालून घरी जायची.

त्या शुक्रवारी वहिनींनी फळ्यावर लिहिलं, 'ओन अप'.

"म्हणजे काय, तर आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करणं," त्या म्हणाल्या. "हा घरातला, कामावरचा शब्द आहे, सरकारी कागदावर नाही लिहायचा. पुढे 'टू' लावायचं आणि मग काय चूक केली ते सांगायचं. लहान मुलांना वर्गात विचारतात ना, काच कुणी फोडली, ओन अप करा, तसं. चला, लिहा."

ठिपकीनं एक वाक्य लिहिलं, भावानं बशी फोडली आणि कबूल केलं. व्याकरण बिनचूक. मग तिला स्वतःचीच किळस आली आणि तिनं ते खोडलं.

शेजारून मास्तरांनी वही सरकवली. इंग्रजीत ते कच्चे, रोज तिच्याकडूनच तपासून घ्यायचे. "पोरी, बघ गं, बरोबर आहे का? 'टू' लावलंय."

मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत वाक्य होतं, 'आय ओन अप टू द राँग ग्लासेस.'

वहिनी मागून वाकून बघत होत्या. "अरे वा, मास्तर! याला म्हणतात वाक्य. काय गं ठिपके, आहे का काही चूक?"

मास्तर शाबासकी मिळाल्यावर हसतात तसे हसत होते आणि ते हसू तिला बघवेना.

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली, "पण खोटं आहे."

"खोटं?"

"ठिपका मीच चुकीचा दिला होता, मास्तर. डाव्या भिंगावर. फोनवर बोलत होते मी. चष्मा परत आला त्या दिवशीच मला कळलं होतं." आता इंग्रजी कुठलं आठवतंय! रडत, नाक ओढत, तिनं सगळं सांगून टाकलं. वहिनींच्या हातातला खडू तसाच राहिला. चहा पिणारे थांबले.

ठिपकी वाट बघत होती. मास्तरांनी ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, वाटलं तर वही तोंडावर फेकावी.

मास्तरांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी बघितलं ते बरोबर बघितलं होतं? माझे डोळे ठीक आहेत?"

"हो मास्तर."

"नक्की ना? मी तपासायलासुद्धा गेलो नाही गं. काय सांगतील या भीतीनं." त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "सायकल भाच्याला देऊन टाकली. सकाळी बायको समोर चहाला बसते ना, तर मी तिच्याकडे टक लावून बघत बसायचो. ती म्हणायची, असं काय बघता? आता काय सांगणार तिला? उद्या दिसायचं बंद झालं तर, म्हणून चेहरा पाठ करत होतो मी तिचा. अठरा दिवस."

मास्तर उठले, चपला घातल्या आणि सुट्टी न मागता, बायकोला सांगायला म्हणून भर दुपारी घराकडे निघाले.