बोटांनी पुसलेलं शहर

मित्रांनो, मी इतिहासाच्या वर्गातला जुना नकाशा आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तूंनी गोड आणि संथ बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. आज मला ते जमणार नाही.

शेवटचा साधा दिवस कसा होता, तिथून सुरुवात करतो. इतिहासाच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. सुट्टीमुळे वर्ग रिकामा होता. बाईंनी मला भिंतीवरून उतरवलं होतं आणि बाकं जोडून त्यांवर पालथं घातलं होतं. माझी उजवी कड उसवली होती. बाई खळीत बोटं बुडवून तिच्यावर कापडाची पट्टी चिकटवत होत्या. मध्येच त्या थांबत आणि मनगटाने छाती दाबत.

शिपाईमामा चहा घेऊन आले. त्यांनी ते पाहिलं.

"नकाशाला मलमपट्टी चाललीय. स्वतःचं दुखणं कधी दाखवणार, बाई?"

"निकाल लागू दे. मग जाते डॉक्टरकडे."

"दर वर्षी कुठला ना कुठला निकाल असतोच की."

"मामा, चहा द्या. सल्ला नको."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बाईंचे हात खळीने माखलेले. मामांनीच बटण दाबलं आणि आवाज मोठा केला. बाईंची लेक बोलत होती. ती दूरच्या शहरात राहते आणि छपाईला जाणारी पुस्तकं तपासते.

"काय करतेस?"

"नकाशा डकवतेय."

"अजून तोच?"

"त्याला काय धाड भरलीय? उद्या निकाल आहे. मुलं येतील."

"तुझी मुलं."

बाईंनी पुन्हा खळीत बोटं बुडवली. "जेवलीस का?"

"जेवले. तू डॉक्टरकडे गेलीस?"

"जाते गं. ऐक, खळ वाळतेय. ठेवते आता."

"ठेव."

मामांनी बटण दाबलं. मित्रांनो, खळ वाळत होती हे खरं. पण वाळली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? माझ्या कडेला एक सुरकुती पडली असती. अंगभर सुरकुत्या आहेत, त्यात आणखी एक. त्या सुरकुतीसाठी आईने लेकीचा फोन ठेवला, आणि तो त्यांचा शेवटचा फोन ठरला. मी माझ्यावरच पहिला रागावलो तो इथे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. आधी नद्यांचा निळा रंग चढला, मग सपाटीचा हिरवा, डोंगरांचा तपकिरी आणि सगळ्यांत शेवटी काळी अक्षरं. मग मला कापडावर डकवलं, वर-खाली लाकडी दांडे ठोकले आणि अंगावर रोगण फिरवलं. डकवणाऱ्या कारागिराचं लक्ष त्या दिवशी गप्पांत होतं. माझ्या पोटात हवेचा फुगा राहिला आणि तिथला कागद फाटला. त्यामुळे माझी मोठी नदी मध्येच तुटते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू होते. बरीच वर्षं मला त्या नदीची लाज वाटत असे.

ती लाज बाईंनी घालवली. त्या तेव्हा नव्याने नोकरीला लागल्या होत्या. वर्षाचा पहिला तास असला की त्या मला भिंतीवर टांगत आणि मुलांना सांगत, "हा नकाशा खोटं बोलतो. कुठे कुठे, ते शोधा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला भोवळच आली. मुलं मात्र पुढे सरसावली.

"बाई, नदी तुटलीय!"

"ती खळीची चूक आहे. ती माफ. आता माणसांनी केलेल्या चुका शोधा."

मग मुलं माझ्या सीमा बघू लागत. ही रेघ इतकी सरळ कशी? जमीन तर अशी सरळ नसते. ही कोणी ओढली? ओढताना त्याने तिथल्या माणसांना विचारलं का? रेघेच्या खाली कुणाचं घर आलं? वर्षभराचा इतिहास बाई अशा प्रश्नांवर उभा करत. सनावळ्या पाठ असणारी मुलं त्यांच्या वर्गात सुरुवातीला गडबडत आणि एरवी मागच्या बाकावर बसून चिमटे काढणारी मुलं अचानक हात वर करत. मीही हळूहळू ताठ मानेने लटकू लागलो. खोटं बोलतो म्हणून मान मिळणारा मी एकटाच असेन.

बाईंनी एक रीत सुरू केली होती. आमचं गाव माझ्यावर छापलेलंच नाही, इतकं ते लहान. बाईंनी तिथे पेन्सिलने एक ठिपका काढला. निकाल लागला की पुढे शिकायला जाणारं प्रत्येक मूल माझ्यासमोर यायचं. एका हाताचं बोट आमच्या ठिपक्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट विद्यापीठाच्या शहरावर. ते शहर पार दुसऱ्या टोकाला. तिथवर पोचायला दोन्ही हात पुरते पसरावे लागत. बाई मागे उभ्या राहून म्हणत, "बघितलंस? दोन हातांत मावतं एवढंच अंतर आहे. घाबरायचं नाही. पुढे चला."

इतक्या बोटांखाली घासून विद्यापीठाचं शहर माझ्यावरून पुसलं गेलं. आज तिथे नाव नाही, रंग नाही. नुसतं कापड दिसतं.

हात पसरलेलं मूल माझ्या अगदी जवळ येतं, गाल माझ्या कागदाला टेकतो. पाठीमागून बघणाऱ्याला वाटावं, ते मला मिठी मारतंय. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मिठ्या मी अशा फुकट मिळवल्या.

मग एका वर्षी बाईंची लेक त्यांच्या वर्गात आली.

बाईंनी तिला घरीच बजावलं होतं. शाळेच्या फाटकाच्या आत मी बाई, फाटकाबाहेर आई. कारण पहिल्याच आठवड्यात पालकांची कुजबुज सुरू झाली होती. एक गृहस्थ वर्गाच्या दारात, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "तिला काय, सगळं घरचंच. आई शिकवणार, आईच तपासणार." बाईंनी तेव्हापासून लेकीचा पेपर दुसऱ्या शिक्षकांकडे तपासायला दिला. लेकीने हात वर केला तरी बाईंची नजर तिच्यावरून पुढे जायची.

एकदा लेक चुकली. उत्तर सांगायच्या घाईत तिच्या तोंडून गेलं, "आई, मी सांगू?"

वर्ग खदाखदा हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "इथे कोणाची आई नाही. खाली बस."

ती बसली. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यानंतर ती इतकी सावध झाली की घरी जेवतानाही म्हणाली, "बाई, भात वाढा." हे बाईंनीच दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना हसत हसत सांगितलं. मामा हसले नाहीत. मला हसता येत नाही, पण आलं असतं तरी मी हसलो नसतो.

त्या वर्षी लेक इतिहासात पहिली आली. रांगेत ती सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने हात पसरले, एक बोट आपल्या ठिपक्यावर, दुसरं शहरावर. तिचं काळीज धाडधाड उडत होतं, ते मला कागदातून कळलं.

"बघितलंस अंतर? घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. अगदी त्याच आवाजात, जो सगळ्यांसाठी होता.

लेक वळली. तिचे हात अजून पसरलेलेच होते. ती तशीच थांबली. दारात पालक उभे होते, तो गृहस्थही होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं. चला, वर्ग रिकामा करा."

लेकीने हात खाली घेतले.

सगळे गेल्यावर बाई परत आल्या. त्यांनी दार लावलं. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात पसरले, दोन्ही ठिकाणी बोटं ठेवली आणि कपाळ माझ्यावर टेकलं. माझा कागद ओला झाला. "फार लांब आहे रे," त्या म्हणाल्या.

मला कशाला सांगता, बाई? मी नकाशा आहे. किती लांब आहे ते मला छापलं तेव्हापासून ठाऊक आहे. जिला सांगायचं ती अजून फाटकापर्यंतही पोचली नव्हती. चार पावलं धावत गेला असतात तर गाठली असती.

इतकी वर्षं हे मी पोटात ठेवलं. तोंड नसलेल्या वस्तूला गुपित सांगणं सोपं असतं. तुम्ही मोठी माणसं हेच करता. भिंतीशी बोलता, झाडाशी बोलता, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला जेवलास का एवढंच विचारता.

पट्टी डकवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेच्या पायऱ्या चढताना कोसळल्या. मामांनी त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. दुपारी निकाल लागला. बाईंचा अख्खा वर्ग पास झाला होता आणि ते बाईंना कळलं नाही. पोरं एका हाताने फोनवर निकाल बघत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. हसावं की रडावं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

शोकसभा इतिहासाच्याच वर्गात झाली. मुख्याध्यापक बोलले, "बाईंनी शाळेला वाहून घेतलं. काम करता करता गेल्या. असं मरण भाग्यवंतालाच येतं." लोकांनी माना डोलावल्या. दुखणाऱ्या छातीने निकालाची वाट बघत बसायला लागणं, याला हे भाग्य म्हणतात! लेक पुढच्या रांगेत होती. ती रडली नाही. "बाई म्हणजे आम्हा सगळ्यांची आई," असं एकामागून एक माणूस उठून म्हणत होता आणि ती मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत होती, मोडत होती.

सभा संपताच मुख्याध्यापकांनी मामांना सांगितलं, "तो नकाशा काढून टाका आता. तिथे प्रोजेक्टरचा पडदा लावायचाय." मामांनी मला गुंडाळलं, पण टाकलं नाही. बाईंच्या कपाटामागे उभं करून ठेवलं.

काही दिवसांनी लेक कपाट रिकामं करायला आली. चष्म्याचं घर, शाल, खळीची वाटी. वाटीत खळ दगडासारखी वाळली होती. ती वाटी तिने हातात घेतली, नखाने खळ खरवडून पाहिली. मग तिने मला पाहिलं.

"हा नेऊ का टाकायला?" मामांनी विचारलं.

"टाका. माझ्यापेक्षा हाच तिच्या जास्त अंगाखांद्यावर होता."

ते मला झोंबलं नाही. खरं होतं.

मामा मला उचलणार, तोच दारात बाईंच्या वर्गातली मुलं आली. त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. पुढे एक उंच मुलगा होता, त्याला सगळे लांबू म्हणत. त्याच्या मागे एक बारकी मुलगी, ती चिमणी.

"ताई," लांबू अडखळत म्हणाला, "नकाशा लावाल का? बोट ठेवायचं राहिलंय."

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. तिने मला उलगडून खिळ्याला टांगलं.

मुलं एकेक करून पुढे आली. लांबूने सहज हात पसरले.

"तुझं काय, तुझे हात विद्यापीठाच्या पलीकडे जातात," मागून कोणीतरी म्हणालं.

"हातच जातात. मार्क कुंपणापर्यंतच गेले," लांबू म्हणाला. मुलं हसली आणि सवयीने मागे बघू लागली. मागून "पुढे चला" म्हणणारं कोणी नव्हतं.

चिमणीचे हात पुरेनात. टाचा उंचावून तिने कसंबसं शहर गाठलं आणि तशीच रडू लागली.

"सराव परीक्षेत मी इतिहासात नापास झाले होते, ताई. बाईंनी मला पोटाशी धरलं होतं. म्हणाल्या, रड, मग शिकू."

लेकीचा आवाज अगदी हळू आला. "कुठे?"

"इथेच. नकाशासमोर."

"सगळ्यांसमोर?"

"हो. सगळेच होते."

मित्रांनो, हे खरं आहे. म्हातारपणी बाईंना दाराकडे बघायची भीती उरली नव्हती. पोटाशी धरायला त्या शिकल्या होत्या. पण शिकल्या त्या दुसऱ्यांच्या मुलांवर. पहिला पाठ जिच्यावर चुकला, तिच्याकडे त्या परत गेल्याच नाहीत.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. मी फाटलो तर मला डकवू नका. पुसलो तर नवा आणा. पण तुम्ही खळ कालवत असाल आणि तुमच्या माणसाचा फोन आला, तर खळ वाळू द्या. माझी एवढीच मागणी आहे, आणि ती मी रागाने करतो आहे.

चिमणी बाजूला झाली. लेक माझ्यासमोर आली. तिने हात पसरले नाहीत. पुसलेल्या शहराकडे तिने पाहिलं, मग उजव्या कडेच्या नव्या पट्टीवर बोट फिरवलं. पट्टीवर बाईंच्या बोटांचे ठसे वाळून राहिले आहेत. मुलं दाराकडे सरकू लागली.

"थांबा," ती म्हणाली. "कोणी जाऊ नका."

मग फाटकाच्या आत, सगळ्यांसमोर, ती मोठ्याने बोलली.

"आई. आई, मी वळले तेव्हा माझे हात उघडे होते. तुला दिसले होते. तू मला जवळ घ्यायला हवं होतंस. मला तुझा राग आलाय, आई, आणि तू मला हवी आहेस. इथे."