घारे डोळे

अकराव्या मजल्यावरच्या खिडकीतून बेडोकचा समुद्र म्हणजे एक करडी पट्टी दिसायची आणि त्या पट्टीवर रांगेने उभी राहिलेली जहाजं. चैत्रालीने सकाळपासून ती चार वेळा मोजली होती. डावीकडून सातवं, लाल पोटाचं, सौमित्रचं असावं. सौमित्र, तिचा नवरा, त्याच्यावर सेकंड इंजिनिअर होता. जहाज इंधन भरायला थांबलं होतं. उद्या सकाळी सहाला नांगर उचलून ब्राझीलकडे निघणार, आणि मग चाळीस दिवस जमीन नाही.

म्हणजे आजचाच दिवस हातात होता.

दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या, नीताच्या, मुलीच्या वाढदिवसाला, त्यांच्या सोसायटीच्या पूलमध्ये, चैत्रालीची सात वर्षांची गार्गी पोहता पोहता दगडासारखी तळाशी गेली. ओरडली नाही, हातपाय मारले नाहीत. चैत्रालीची नजर तिच्यावरच होती म्हणून वाचली. सगळे म्हणाले, दमली असेल, ऊन लागलं असेल. तीन आठवड्यांपूर्वी बेडोकच्या मेट्रो स्टेशनात गाडी पकडायला धावताना पोर पुन्हा कोसळली. या वेळी कोणी ऊन म्हणालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचे ठोके काढून दाखवले होते. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो गार्गीला जरा जास्त लागतो. किंचितच, पण पोहताना, धावताना तेवढं पुरतं. रक्ततपासणीत जनुकातला एक बदल सापडला होता. चैत्रालीच्या रक्तात तो नव्हता.

"हा बदल आजवर एकाच रुग्णात नोंदलाय, पूर्व इंग्लंडमधल्या," बाई म्हणाल्या होत्या. "एका माणसावरून दोष ठरवता येत नाही. औषध सुरू करते, पण छातीत यंत्र बसवायचं की नाही, हे वडिलांची तपासणी झाल्याशिवाय आणि घराण्याचा इतिहास कळल्याशिवाय सांगू शकत नाही. तुमच्याकडे कोणी इंग्लिश होतं का?"

चैत्रालीला त्या स्थितीतही हसू आलं होतं. सौमित्रच्या घरचे म्हणजे पुण्याचे, मूळ कोकणातले. घारे डोळे आणि गोरा रंग यांचं इतकं कौतुक, की लग्न ठरताना तिच्या काळ्याभोर डोळ्यांवरही दोन मिनिटं चर्चा झाली होती. सौमित्रच्या आजी, शुभदाआजी, तर मांजरीसारख्या हिरव्या डोळ्यांच्या. गार्गी जन्मली तेव्हा पहिलं वाक्य ऐकू आलं ते हेच, 'आजींचे डोळे आले हो!'

डोळ्यांबरोबर आणखी काय आलं, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

तिने सौमित्रला फोन लावला. पाठीमागे इंजिनाची घरघर होती.

"एजंटची किनाऱ्यावर येणारी बोट सहाला आहे ना? तिने ये. ईसीजी आणि रक्त, एवढंच. रात्री परत जा."

"अगं, बंकरिंग चालू आहे, तेल भरतोय. आणि ईसीजीत काही निघालं तर? मेडिकलमध्ये नापास झालो की मी घरी. आपण सगळेच परत पुण्याला. इथे राहायचा पास माझ्या नोकरीवर आहे, विसरलीस?"

"पोरगी दोनदा पडलीय, सौमित्र."

"तिला बघ ना मग! मला कशाला त्यात ओढतेस? आमच्याकडे कोणाला काही नाही. बाबा पोहताना गेले ते पाय अडकून. घारे डोळे सोडले तर आमच्या घराण्यात काही चालत आलेलं नाही." आणि त्याने फोन ठेवला.

पोहताना. चैत्राली तशीच उभी राहिली. हे वाक्य तिने लग्नापासून शंभरदा ऐकलं होतं. श्रीराम, तिचे न पाहिलेले सासरे, एकोणचाळिसाव्या वर्षी तलावात गेले. जिल्ह्यातले पट्टीचे पोहणारे. शेवाळात पाय अडकला. सौमित्रला परवाच अडतिसावं संपलं होतं.

सासूबाई, रत्नाताई, स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या. नातीचं दुखणं कळल्यावर महिन्याभरासाठी आल्या होत्या.

"आई, बाबांचा पाय खरंच अडकला होता?"

गवारीची शेंग हातातच राहिली. "लोक म्हणाले तसं."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? गेलेल्या माणसाचं उकरून काय मिळणार आहे तुला?"

"गार्गी मिळेल!" तिचा आवाज इतका चढला की हॉलमध्ये चित्र काढत बसलेली गार्गी दारात आली. "ममा, डोन्ट स्कोल्ड आजी लाह," म्हणाली. चैत्रालीने तिला जवळ घेतलं. छातीला छाती लावून ती ठोके ऐकत राहिली. हल्ली मिठी मारायची ती त्यासाठीच.

"आई, डॉक्टर विचारतायत, घरात कोणी इंग्लिश होतं का. मी नाही म्हटलं. चुकले का मी?"

रत्नाताई हात पदराला पुसत उठल्या, खोलीत गेल्या आणि सौमित्रच्या लहानपणीची पोस्टाच्या तिकिटांची वही घेऊन आल्या. गार्गीला दाखवायला म्हणून आणली होती.

"सासूबाईंना शब्द दिला होता मी, कुणाला सांगणार नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "मामंजी बोटीवर होते. तिकडून, विलायतेहून, लग्न करूनच आले. घरात सांगितलं, मिशनमध्ये वाढलेली कोकणातली अनाथ मुलगी आहे. डोळे बघून सगळ्यांनी मान डोलावली. आपल्यातलीच, दिसतंय ना! मराठी बोबडं होतं, तर म्हणाले, मडमांच्या हाताखाली वाढलीय. पुण्याला पुन्हा विधी केले, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं, शुभदा. झालं. आधीचं नाव काय, कोणी विचारलंच नाही. मीही नाही."

"आणि बाबा गेले तेव्हा?"

रत्नाताईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "प्रेताशी बसून एकच बोलत होत्या, 'माझ्या माणसांना पाणी नको.' मला वाटलं, पोटचा पोर गेला, बाई भ्रमिष्ट झाली. आणि त्याच बापाचा मुलगा पुढे बोटीवर पाठवला मी."

वहीच्या शेवटच्या पानावर सौमित्रने एक अख्खं पाकीट डिंकाने चिकटवलं होतं, राणीच्या तिकिटासाठी. दर नाताळात एक यायचं, रत्नाताई म्हणाल्या, सासूबाई वाचून जाळायच्या. हे एक पोराने पळवलं.

चैत्रालीने नखाने कोपरा उचकटायला घेतला.

"थांब, फाडशील. कोमट पाणी घे. गरम नको, शाई फुटेल." रत्नाताईंनी स्वतः स्टीलचं ताट काढलं, ते पान त्यात ठेवलं आणि वाटीने पाणी सोडलं. दोघी ताटावर वाकून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, सात. चैत्राली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साडेतीन वाजून गेले. मग डिंक सुटला, पाकीट पाण्यावर तरंगलं. रत्नाताईंनी ते अलगद उलटं केलं.

मागे निळ्या अक्षरात पाठवणारीचा पत्ता होता. ई. थर्टल, चर्च लेन, लिटल हॅदरबी, नॉरफोक. म्हणजे पूर्व इंग्लंड.

गाव नकाशात दोन बोटांत मावेल एवढं होतं. एक चर्च, एक तळं, चाळीसेक घरं. चर्चच्या पानावर दफनभूमीची यादी सांभाळणाऱ्या बाईंचा नंबर होता, मिसेस प्रॉक्टर. इथे चार वाजले, म्हणजे तिथे सकाळचे नऊ. चैत्रालीने नंबर फिरवला. इंग्रजीत काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, त्यातलं थर्टल हे आडनाव तिने आधी वाचलं.

"थर्टल?" पलीकडचा आवाज म्हातारा, पण खणखणीत होता. "तुम्ही हेझेलच्या कोण? हिंदुस्थानी आगबोटवाल्याशी लग्न केलं ती हेझेल?"

हेझेल. चैत्रालीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं.

"तिच्या पणतीची आई आहे मी," चैत्राली म्हणाली. "माझी मुलगी पोहताना बुडाली होती. वाचली. मला विचारायचं होतं, त्यांच्यात कोणी…"

बाई आता हळू बोलल्या. "हेझेलचे दोन भाऊ आमच्या तळ्यात गेले. एक एकोणीस वर्षांचा, एक चोवीस. दोघंही माशासारखे पोहायचे. आमच्या लहानपणी गावात सांगायचे, थर्टलांच्या मुलांबरोबर तळ्यावर जायचं नाही. तिच्या धाकट्या बहिणीचा नातू आहे अजून. त्याच्या छातीत यंत्र बसवलंय. त्याच्या आईने यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना घरातल्यांच्या रक्ताचे कागद दिलेत. देऊ का त्यांचा पत्ता? लवकर करा, बाई."

पत्ता लिहून घेताना चैत्रालीच्या पेनाने कागद फाटला. सापडल्याचा आनंद कसा तो झालाच नाही. ज्या गोष्टीला दोन महिने कोणी नाव देत नव्हतं, तिला आता नाव होतं, गाव होतं, तळं होतं. आणि ती गोष्ट लाल पोटाच्या जहाजावर इंजिनरूमच्या शिड्या वरखाली करत होती.

पाच वाजले. सौमित्र फोन उचलेना. तिसऱ्यांदा उचलला तो खेकसतच. "चैत्राली, मी सांगितलं ना…"

रत्नाताईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"सौमित्रा, आई बोलतेय. तुझ्या बाबांचा पाय अडकला नव्हता. तुझ्या आजीने मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तू ऐक."

त्या बोलत राहिल्या. ताट, तांदूळ, पाकीट, दोन भाऊ. आवाज एकदाही कापला नाही. फक्त मोकळा हात ताटातल्या पाण्यातून फिरत होता. चैत्रालीला पलीकडून फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग तीही थांबली. तो कुठेतरी बाहेर, डेकवर आला असावा.

"आणि मेडिकल गेलं तर?" सौमित्रचा आवाज लहान मुलासारखा आला.

"तर गेलं," रत्नाताई म्हणाल्या. "नोकरी गेलेला मुलगा मला चालेल."

सव्वासहाला समुद्रावर एक ठिपका जहाजांमधून निघून किनाऱ्याकडे येताना दिसला. कोणत्या जहाजाकडून आला ते कळत नव्हतं. चैत्राली तो धक्क्याआड जाईपर्यंत बघत राहिली. डॉक्टरीणबाईंना तिने दोनदा मेसेज केला होता. त्या इमर्जन्सीत थांबणार होत्या. सौमित्र गार्गीला घ्यायला आधी घरी येतो म्हणाला होता. ऐकत नव्हता.

सातला मेसेज आला, 'खाली आलोय.' गार्गी चपला न घालताच दाराकडे झेपावली. "बाबा!"

"धावू नकोस!" चैत्रालीने तिला कमरेला धरून उचललं. तेवढ्यात तिला आठवलं. लिफ्टची वाट न बघता अकरा मजले दोन दोन पायऱ्या टाकत चढायचे, दारात येऊन धापा टाकत हसायचं, ही त्याची दर सुट्टीतली फुशारकी.

तिने एका हाताने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. घंटा वाजत राहिली. एक, दोन, तीन.

"बोल, आलोच!"

"सौमित्र, जिन्याला लागला असशील तर आहेस तिथेच थांब," ती म्हणाली. "पायरीवर बस. मी लिफ्टने खाली येते."